आईनं मांजराला सांगितलेलं
साखरेच्या पाकातल्या पॉपकॉर्नचा वास आला की मला जपानमधलं ते ॲनिमे-पार्क आठवतं. सगळं एका इमारतीच्या आतच होतं, रंगीत गल्ल्या आणि वर रंगवलेलं निळं आभाळ. मला आठवा महिना होता. आम्ही तेव्हा तिकडंच राहत होतो. बाळंतपणासाठी आई गावाहून, नेसरीहून आली होती, पण पंधरा दिवसांतच तिनं "मला घरला धाड" असा धोशा लावला. करमत नसेल म्हणून मी तिला तिथं नेलं. पॉपकॉर्न घेऊन परतले, तर आई बाकावर माणसाएवढ्या मांजराचा पंजा धरून बसलेली. आत पोशाख घातलेलं कुणीतरी होतं; त्यांना बोलायची परवानगी नसते. "लेकीला कळा सुटल्या तर हितल्या डाक्टरला मी काय सांगू गं बाई? मला बोलायलाच येत न्हाय की," आई सांगत होती. मांजर मान हलवत तिच्या पाठीवरून पंजा फिरवत होतं. मग मी सहज म्हणून शेजारी बसले आणि तिला 'दुखतंय', 'लवकर या' एवढं जपानीत शिकवलं. तिनं ते मोठ्यानं घोकलं. मांजरानं टाळ्या वाजवल्या. "ऱ्हाते मग," आई म्हणाली. तीन आठवड्यांनी मला कळा सुटल्या, तेव्हा तिनं दवाखान्याला फोन करून तेच शब्द इतके खणखणीत उच्चारले की शेजारीही धावत आले. तेव्हा झालेली मुलगी आता कोल्हापुरात कॉलेजला जाते. त्या दिवशी मी मागं उभी राहून ऐकत होते, हे आईला अजून सांगितलेलं नाही.