मागून येणारी चाल

बायको गेल्यावर मला घरात बसवेना. बसलो की उठावंसं वाटायचं, उठलो की कशाला उठलो ते आठवायचं नाही. जिना उतरायचा, गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं, परत वर यायचं. टीव्ही लावायचा, बंद करायचा. मुलगा हेब्बाळला नोकरीला, सकाळी जातो तो रात्रीच तोंड दाखवतो. सून घरातूनच काम करते. कानात यंत्र घालून दिवसभर भिंतीशी इंग्रजीत बोलते. एक दिवस तिनं ते कानातलं काढलं.

"अण्णा, तुम्ही सारख्या येरझाऱ्या घालता. माझ्या मीटिंगमधे सगळे विचारतात, मागं कोण फिरतंय?"

"मग काय करू? झोपून राहू?"

"माझा क्लास करा."

सून पुण्याची. लहानपणापासून तिला कार्टूनची माणसं काढून ती हलवायची हौस. झाली कॉम्प्युटरवाली. आता मल्लेश्वरमला शनिवारचा ॲनिमेशनचा क्लास लावला, तर ऑफिसनं शनिवारही मागितला. जागा धरलेली, पाटी आणलेली. पाटी म्हणजे काचेची, तिच्यावर पेनानं काढायचं. ती म्हणाली, "तुम्ही बोर्ड रंगवायचात ना? हात तयार आहे तुमचा."

बोर्ड रंगवायचो हे खरं. सहावीत शाळा सुटली तेव्हापासून ब्रश हातात. बसवनगुडीतल्या निम्म्या दुकानांची नावं मी लिहिली असतील, कन्नडमधे, इंग्रजीत, दोन-चार मराठीतही. मग फ्लेक्स आलं आणि धंदा बसला. पण अक्षराचं काम काय, तर उभं राहणं. हललं तर गिऱ्हाईक बोर्ड परत करतं. आयुष्यभर मी न हलणाऱ्या गोष्टी काढल्या.

तरी मी गेलो. कारण सुनेला सांगितलं नाही, इथं सांगतो. बायकोचा फोटो भिंतीवर लावला आणि हळूहळू असं व्हायला लागलं की डोळे मिटले तरी फोटोच दिसायचा. ती नाही, फोटो. तीच टिकली, तशीच मान, तोंड मिटलेलं. जिती असताना तिचं तोंड कधी मिटलेलं नव्हतं. मला वाटलं, चित्र चालवता येत असेल तर हिला एकदा चालवून बघू. पुरती विसरायच्या आत.

शिकवणारी बाई कन्नड, माझ्या मुलापेक्षाही लहान. मला दारात बघून म्हणाली, "अज्जा, नातवाला सोडायला आलात का?"

"मीच नातू," म्हटलं. पोरं हसली. मग कुणी काही विचारलं नाही.

पहिलं काम चेंडूचं. एकामागून एक चित्रं काढायची, प्रत्येकात थोडा फरक, आणि भरभर फिरवली की चेंडू उडतो. चित्रं जवळजवळ काढली की वस्तू हळू जाते, लांबलांब काढली की जोरात. विद्या एवढीच, बाकी सगळा डोळा. माझी चित्रं अक्षरांसारखी, सगळी सारख्या अंतरावर. बाईनं बघितलं आणि म्हणाली, "अज्जा, हा चेंडू आहे की बस? बससुद्धा स्टॉपला स्वल्प हळू होते."

शेवटी प्रत्येकानं एक माणूस चालवून दाखवायचा होता, आणि त्यात स्वतःचं काहीतरी पाहिजे. बाईचं म्हणणं, "नाव न वाचता मला कळलं पाहिजे हे कुणाचं काम आहे." पोरं सगळी एकाच तऱ्हेचं काढायची: मोठे डोळे, एवढंसं नाक, उडणारे केस. मला वाटलं हीच रीत असेल. शेजारच्या पोराचं बघून मीही काढलं. बशीएवढ्या डोळ्यांची बायको.

घरी सुनेनं बघितलं. "या आई? अण्णा, हिच्या हातात तलवार द्या, राक्षस मारायला जाईल."

मीही हसलो, आणि लगेच पुसून टाकलं.

मग सुनेनंच तिच्या लग्नाचा व्हिडिओ काढला. त्यात बायको ताट घेऊन मांडवातून चालत येते. सून म्हणाली, यावरून गिरवा. गिरवलं. पाटीवर ती अगदी सरळ चालायला लागली, कुठं अडकली नाही की काही नाही. मी बघत बसलो आणि डोकं फिरलं. भारी लुगडं, अवघडलेले खांदे, आणि कॅमेरावाला ओरडतोय, अक्का, इकडं बघा! ती चालत नव्हती. चालून दाखवत होती.

मग मी बाजारात जाऊन बसायला लागलो. गांधी बाजारात नारळवाल्याच्या पायरीवर बसायचं आणि जाणाऱ्या बायकांची चाल बघायची. हिच्या वयाच्या, हिच्या बांध्याच्या. एक बाई दोनदा माझ्यासमोरून गेली, तिसऱ्यांदा थांबली.

"एन् नोडतीरा, अज्जा?" काय बघताय?

"तुमची चाल बघतोय," मी खरं ते सांगितलं.

एवढं बोललो आणि गर्दी जमली. त्या बाईनं माझं वय काढलं, खानदान काढलं, चप्पल काढायचीच बाकी होती. शेवटी नारळवाला मधे पडला. म्हणाला, सोडा हो, यांच्या घरची अक्का गेल्यापासून यांचं स्वल्प असं आहे. आणि डोक्याशी बोट फिरवलं. त्या बाईचा राग निवला आणि तिनं माझ्याकडं दयेनं बघितलं. शिव्या परवडल्या असत्या.

तिथून तरातरा निघालो. वळणावर पाय आपोआप थांबला. मागं काही वाजत नव्हतं, म्हणून थांबला. आणि तिथं उभं राहून मला कळलं की हिला चालताना मी कधी बघितलेलंच नाही.

आम्ही बाहेर पडलो की मी पुढं, ती मागं. हा काही माझा हुकूम नव्हता. फाटकाशी तीच म्हणायची, "तुम्ही व्हा पुढं, मी आलेच." देवळात जाताना, बाजारात जाताना, दवाखान्यातसुद्धा. मी चालायचो आणि मागून तिच्या चपला वाजायच्या. वाजायच्या थांबल्या की मी थांबायचो. पुन्हा वाजायला लागल्या की निघायचो. मान वळवायची गरज नव्हती. ती जेवताना, भांडताना, लसूण सोलताना मी बघितली. चालताना फक्त ऐकली. आता ऐकलेलं काढायचं कसं?

त्याच दुपारी पाटी मांडीवर घेऊन बसलो होतो. मागून चपला वाजल्या. चपला तिच्याच होत्या, निळ्या रबरी, पण चाल चुकीची. सुनेची चप्पल तुटली होती, तिनं त्या घातल्या होत्या.

"थांब!"

"काय झालं?"

"पुन्हा चाल. स्वयंपाकघरापासून इथपर्यंत."

"अण्णा, माझा कॉल चालू आहे."

"कॉलला सांग, सासरा मरायला टेकलाय."

तिनं कुठलं तरी बटण दाबलं आणि गेली. मी भिंतीकडं तोंड करून बसलो. ती आली. चपक चपक चपक.

"असं नाही. उजवा पाय उशिरा. अजून उशिरा. निधान गं, सावकाश, गाडी चुकत नाहीये तुझी. आता मधे थांब."

"किती थांबू?"

"भाव विचारून नाक मुरडायला लागतं तेवढं. हं. आता चाल."

चार-पाच खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला तर बरोबर तीच. मी डोळे मिटले आणि फोटो दिसला नाही. काहीच दिसलं नाही, पण मागं ती होती. एवढ्यात सून म्हणाली, "अण्णा, पण आई अशा चालायच्या नाहीत."

"तुला काय माहीत?"

"माझ्याबरोबर भाजीला यायच्या ना. पिशवी काखोटीला मारायच्या आणि सुटायच्या. मला पळावं लागायचं. मी हाका मारल्या तरी वळून बघायच्या नाहीत. वर घरी आल्यावर म्हणायच्या, काय गं, पुण्याकडं माणसं बैलगाडीत वाढतात काय?"

"खोटं आहे."

"खोटं कशाला बोलू?"

मी उठलो, जिना उतरलो, परत चढलो. बैलगाडीचं ते बोलणं सुनेच्या डोक्यातून येणारं नव्हतं. ते हिचंच. म्हणजे हिला भरभर चालता येत होतं. मग माझ्या मागं का रेंगाळायची? गुडघ्याचं दुखणं म्हणावं, तर भाजीला जाताना तो दुखत नव्हता. माझ्याबरोबर दिसायची लाज होती की माझा कंटाळा होता? गेल्या श्रावणापर्यंत विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. तेव्हा प्रश्नच माहीत नव्हता. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. सून एकदा कॉम्प्युटरवरून मान न उचलता म्हणाली, "तुमच्याबरोबर असताना घाई नसेल त्यांना." समजूत घालायला म्हणाली की खरंच तसं वाटलं तिला, मला अजून कळलेलं नाही.

शनिवार आला. हातात होतं ते काढलं. समोरून चालत येणारा म्हातारा. मोठे डोळे नाहीत, उडणारे केस नाहीत. बोर्डावर काढायचो तशी जाड रेघ आणि दोनच रंग. म्हातारा चालतो, थांबतो. वळत नाही, मागं कान देऊन नुसती मान एका बाजूला कलते. मग पुन्हा निघतो, आधीपेक्षा हळू. मागं रस्ता रिकामा. चित्रांमधली अंतरं मोजली नाहीत. एका हातानं हिची चप्पल टेबलावर आपटत होतो, दुसऱ्यानं काढत होतो.

बाईनं ते मोठ्या पडद्यावर लावलं. संपलं तसं पुन्हा लावलं.

"अज्जा, मागं कोण आहे?"

"बायको."

"दिसत नाही."

"मलाही दिसायची नाही."

मग तिनं माझी जुनी कामं उघडली. चेंडू, कुत्रा, पोतं उचलणारा हमाल. म्हणाली, नीट बघा. तो पहिला, बससारखा चेंडू सोडला तर नंतरचा चेंडू जमिनीला लागायच्या आधी जरासा अडखळत होता. कुत्रा फाटकाशी थांबून मगच आत शिरत होता. हमाल पोत्याला हात लावून क्षणभर उभा. "हे सगळे काहीतरी ऐकतात आणि मग हलतात," बाई म्हणाली. "हे मी शिकवलेलं नाही. हे तुमचं आहे. नाव वाचायची गरज नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेजारचा विचारायला लागला, अज्जा, असं यायला काय करायचं? म्हटलं, "आधी लग्न कर."

मेट्रोत बसलो. माझी स्टाइल मिळाली म्हणे. जिच्यासाठी गेलो ती चित्रात नाहीच. आणि ते थांबणं जर माझ्या हातातच असेल, तर सुनेनं सांगितलेली ती सुटलेली बाई, काखोटीला पिशवी मारलेली, तिला मी काढू कशी? घरी येऊन काढून बघितली. तिसऱ्या पावलाला उभी राहिली. पुसली, पुन्हा काढली. पुन्हा उभी. माझ्या हातात आली की तीही माझ्यासाठी थांबायला लागते. पण ती तर माझ्याशिवाय चालली होती, सरळ, मागं न बघता. मला तीच पाहिजे होती.

"पोरं वर्षानुवर्षं स्टाइल शोधतात," सून म्हणाली. "तुम्हाला मिळाली तर तुम्ही रडताय."

"घाल ती चुलीत. चल, भाजीला जाऊ."

"आत्ता?"

"आईसारखी चाल. मी मागून येतो."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग निळ्या चपला घातल्या आणि पिशवी घेतली. फाटकाशी मी थांबलो, ती पुढं झाली. आणि सुटलीच की! चपला तडतड वाजत होत्या, उजवा पाय कुठंच उशिरा नव्हता. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. सून उंच, अंगात कुडता, हिच्यासारखं काहीच नाही तिच्यात. पण काखेतली पिशवी घसरू नये म्हणून तिचा एक खांदा वर चढला, आणि तो खांदा मी ओळखला. भांडण अर्धं टाकून आत निघाली की हिचा खांदा असाच चढायचा.

मी जागीच उभा राहिलो. सवय. तेवढ्यात ती कोपऱ्यापर्यंत पोचली. मागून रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला, मी धोतर सावरून पळायला लागलो. पळताना खांदा नजरेतून सोडला नाही.

"अण्णा, दिसतंय का?" सून ओरडली आणि मान वळवायला लागली.

"वळू नको!" मी धापा टाकत ओरडलो. "ती वळायची नाही. चाल तू, चाल!"