नाताळच्या करंज्या

नगरच्या एमआयडीसीजवळ नागापूरला खोली घेतली तेव्हा घरमालकांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, कंपनी विचारली. धर्म विचारला नाही आणि मीही सांगितला नाही. आमचं आडनाव कर्जत तालुक्यात कुठल्याही गावात सापडेल असं आहे. त्यावरून काही कळत नाही.

पत्र्याच्या पाच खोल्यांची ओळ होती, माझी शेवटची. शेजारी आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं एक वयस्कर जोडपं राहायचं. काका एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते, काकू घरीच असायच्या. मी दुसऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत रंगाचे नमुने तपासायचो. आई-वडिलांनी दुसऱ्यांच्या रानात राबून मला बी.एस्सी. केलं. आमच्या घरात त्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. त्यामुळे नोकरी लागल्यावर इथे एकटं वाटतं, असं घरी सांगायची मला लाज वाटायची.

संध्याकाळी मी परत यायचो तेव्हा काकू दारात तांदूळ निवडत बसलेल्या असत. "आलास का रं?" एवढंच विचारायच्या. कामाचं बोलणं सोडलं तर दिवसभरात माझ्याशी कोणी बोललेलं ते एकच वाक्य असे. मग मी थोडा वेळ त्यांच्या उंबऱ्याजवळ टेकायचो. काका रात्रपाळीला निघेपर्यंत गावाकडच्या गोष्टी सांगायचे. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

दिवाळीत काकूंनी स्टीलच्या ताटात फराळ आणून दिला, वर वर्तमानपत्राचा कागद. मी खाल्ला, ताट घासलं आणि फळीवर उभं करून ठेवलं. एकदा परत द्यायला गेलो तर काकू म्हणाल्या, "रिकामं ताट आणतोस व्हय? आईनं काही शिकवलं का न्हाई? राहू दे. गावाकडनं काही आलं की त्यातनं दे."

त्याच सुमारास एका संध्याकाळी ओळीतला एक जण मोबाईलवर काहीतरी बघत मोठ्यानं म्हणाला, "हे ख्रिश्चन लोक लई गोड बोलत्यात. आधी खायला घालत्यात, मग नादी लावत्यात." काकू तांदळातून मान वर न काढता म्हणाल्या, "व्हय, ऐकलंय बाई."

मी उठलो. खोलीत जाऊन दार लावलं. जेवायच्या आधी रोजच्यासारखे डोळे मिटले, पण प्रार्थनेचे शब्द आठवेनात. नुसताच ताटापुढे बसून राहिलो.

नाताळच्या आदल्या दिवशी घरी गेलो. आईनं करंज्या, शंकरपाळी, चिवडा केला होता. आमच्याकडे उपासना झाली की फराळाची ताटं गावात जातात. दिवाळीचं त्यांच्याकडून येतं, नाताळचं आमच्याकडून जातं. माझ्या लहानपणापासून हे असंच आहे, त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. मी काकूंचं ताट सोबत नेलं होतं. आईनं ते शिगोशीग भरलं. नमस्काराला आमच्यात सलाम म्हणतात; वडील म्हणाले, "त्यांना आमचा सलाम सांग. आणि नाताळचं हाय म्हणून सांग. तोंड लपवून देऊ नको." वडिलांना मी काही सांगितलं नव्हतं. तरी ते असं का म्हणाले, कोण जाणे.

नाताळच्या संध्याकाळी परत आलो. ताट घेऊन काकूंच्या दारात उभा राहिलो. वाक्य एसटीत पाठ करून आलो होतो.

"अगं बाई, करंज्या!" काकू म्हणाल्या. "दिवाळी होऊन दोन महिने झाले. आता कशाच्या रं?"

"आईनं सहज केल्या."

"सहज कोन करंज्या करत बसतं? लगीन ठरलं का तुझं?"

ओळीतले दोघे-तिघे बाहेर होते. मोबाईलवालाही होता. त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसलं की सुटायला एक वाट आहे. मी हसलो आणि म्हणालो, "तसंच काहीतरी."

काकूंनी तिथल्या तिथे एक करंजी माझ्याच तोंडात कोंबली. काका आतून ओरडले, "पोरगी कुटली हाय? शिकल्याली हाय का तुझ्यावानी, का तूच शिकवणार?" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी नळावर माझं नाव 'नवरदेव' पडलं होतं.

वाटलं होतं, दोन दिवसांत विसरतील. पण काकू म्हणाल्या, "आता पौष लागलाय. पौष संपू दे, तुझं केळवण मीच करनार. आमची लेक लांब दिली, तिच्या वक्ताला मला काही करता आलं न्हाई."

मग तो सगळा महिना मी पौष संपायची भीती धरून काढला. रोज संध्याकाळी उंबऱ्यावर बसायचो आणि रोज थोडं खोटं वाढवायचो. मुलगी कोणत्या गावची, किती शिकलेली, भाऊ किती. ज्या घटकाभराच्या सोबतीसाठी मी खरं लपवलं होतं, ती सोबतच आता नकोशी झाली. मुद्दाम उशिरा परतू लागलो. रविवारी नगरला चर्चमध्ये जायचो तेव्हा मागच्या बाकावर बसायचो. पुढे घरंच्या घरं बसलेली असत, बायका लेकरांना दटावत असत. मला तिथेही कोणी विशेष ओळखत नव्हतं. पाळक साहेब दारात हात मिळवायचे, "बरं चाललंय ना?" म्हणायचे. मी "हो" म्हणायचो आणि परतीच्या रिक्षासाठी उभा राहायचो. आपला विश्वास लोकांपुढे जगून दाखवावा, असं लहानपणी चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेत मी पाठ केलं होतं. त्यासाठी काही मोठं करावं लागेल असं मला वाटायचं. प्रत्यक्षात मला फक्त 'नाताळ' हा एक शब्द उच्चारायचा होता आणि तोही जमला नव्हता.

पौष संपल्यावरच्या पहिल्या रविवारी दुपारी काकूंनी जेवायला बोलावलं. गेलो तर पाट मांडलेला, ताटाभोवती रांगोळी. ताटात पुरणपोळी, गावाकडच्या तांदळाचा भात. बाजूला टॉवेल-टोपी. काका सुट्टीचा सदरा घालून बसले होते. काकूंनी ओवाळायला निरांजन लावलं आणि माझ्याजवळ आल्या.

"काकू, थांबा," मी म्हणालो. "माझं लग्न ठरलेलं नाही. मी खोटं बोललो. आम्ही ख्रिस्ती आहोत. त्या करंज्या नाताळच्या होत्या."

काकूंचा हात तसाच राहिला. मग त्यांनी निरांजन खाली ठेवलं.

काका म्हणाले, "मग सांगायचं की लेका. आमी काय करंज्या टाकून दिल्या असत्या?"

मी काकूंकडे बघत होतो. त्या हळू म्हणाल्या, "गोडाचं देऊन आमाला..." आणि थांबल्या.

"नाही काकू. ताट रिकामं द्यायचं नव्हतं, म्हणून."

"अन् ती पोरगी? तिचा भाऊ? महिनाभर मी समद्यांना सांगत फिरले. लेकीला फोनवर सांगितलं."

 काकांनी पोळीवर तूप वाढलं. "जेव आता. भरल्या ताटावरून उठू नये."

मी डोळे मिटले. त्या ओळीत कोणापुढे तरी मी पहिल्यांदाच प्रार्थना केली. आभार मानले, त्या घरासाठी काही मागितलं आणि क्षमा मागितली. मोठ्यानं नाही, पण ओठ हलत होते. डोळे उघडले तेव्हा काका हातातला घास तसाच धरून थांबले होते. काकू चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या.

त्यानंतर कोणी मला खोली सोडायला सांगितलं नाही. मोबाईलवाला काही दिवस मला बघून गप्प व्हायचा, मग तेही थांबलं. 'नवरदेव' म्हणणं मात्र एका दिवसात बंद झालं. काकू दारात बसायच्या, पण मी आलो की "आलास का रं?" म्हणायच्या नाहीत. मान हलवायच्या. मी एक-दोनदा उंबऱ्याजवळ थांबलो. त्या तांदूळ निवडत राहिल्या. माझ्या धर्मामुळे की माझ्या खोट्यामुळे, हे मी विचारू शकलो नाही. बहुतेक खोट्यामुळे. तसं असेल तर दोष माझाच, आणि का कुणास ठाऊक, मला तेच बरं वाटतं.

पुढच्या दिवाळीत काकूंकडून फराळ आला नाही.

नाताळला मी घरून चार नवी ताटं भरून आणली. प्रत्येक दारात एकच वाक्य म्हणालो, "आज आमचा नाताळ आहे." मोबाईलवाल्यानं चिवड्याची मूठ तिथेच तोंडात टाकली. काकूंच्या दारात सगळ्यात शेवटी गेलो.

"आज आमचा नाताळ आहे, काकू. आई-वडिलांनी सलाम सांगितलाय."

त्यांनी ताटावरचा कागद उचलून बघितलं. "करंज्या हायत," म्हणाल्या, स्वतःशीच. मग ताट घेऊन आत गेल्या. मी उभा राहिलो, पण त्या बाहेर आल्या नाहीत.

बाकीची ताटं आठवड्याभरात परत आली. कोणी साखर घालून दिली, कोणी शेंगदाणे. काकूंना दिलेलं ताट अजून आलेलं नाही. रोज कामावरून येताना ते मला उघड्या दारातून त्यांच्या फळीवर उभं केलेलं दिसतं, घासून लख्ख. रिकामं ताट परत करायचं नसतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. संध्याकाळी जेवायला बसलो की डोळे मिटतो, आणि शेजारच्या दाराची कडी वाजते का, हे ऐकत आणखी थोडा वेळ तसाच राहतो.