यंदाचा नारळ

झेंडू आणि मशीनचं तेल यांचा वास एकत्र आला, की मला मच्छे गावातला तो छोटा कारखाना दिसतो. खंडेनवमीची सकाळ होती. पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हात उदबत्तीचा धूर तरंगत होता आणि हार घातलेली मशीनं झोपल्यासारखी शांत होती. आमच्या मालकीणबाईंनी, आक्कांनी, नवं कॉम्प्युटरवालं मशीन घेऊन माझ्यासारख्या नवख्या पोराच्या हाती दिलं होतं. त्यानं दुखावलेले, लेथ चालवणारे जुने टर्नर अण्णा दिवाळीनंतर काम सोडतो म्हणाले होते. ते सगळ्यांच्या मागं, दारापाशी उभे होते. नारळ मालकानंच वाढवायचा अशी रीत, पण आक्का तो घेऊन दारापर्यंत चालत गेल्या. "अण्णा, यंदा तुम्ही वाढवा. कुठल्या मशीनम्होरं, ते बी तुम्हीच ठरवा." अण्णा कितीतरी वेळ नारळाची शेंडी कुरवाळत राहिले. मग आपल्या लेथवरून हात फिरवून ते माझ्या मशीनपाशी आले, नारळ वाढवला आणि पाणी शिंपडत मला म्हणाले, "हे बी आता आपलंच की रं. सांभाळून चालव." सोडून जायचा विषय पुन्हा निघाला नाही. आज माझ्या स्वतःच्या शेडमध्ये नारळ माझ्या हातात आहे, आणि मी बघतोय, सगळ्यांत मागं कोण उभं आहे.