शकुबाईच्या दारातली चक्की

दळणाचा डबा डोक्यावर घेऊन शकुबाई नागभीडच्या स्टेशनाकडे निघाली, की नवख्या माणसाला वाटायचं, बिचारीच्या मोहल्ल्यात चक्की नसेल. चक्की होती. तिच्या घरापासून चौथ्या दारी होती, आणि सुरू झाली की शकुबाईच्या मांडणीवरची भांडी थरथरायची. पण ती चक्की बुधरीची, आणि बुधरीशी शकुबाईचं बोलणं बंद होतं.

कारण तसं गंभीर आहे. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, नाटकाला शकुबाईने दुपारीच जाऊन पुढच्या रांगेत सतरंजी अंथरून ठेवली होती. नाटकाच्या वेळेला पाहते तर तिच्या सतरंजीवर बुधरी आपल्या अख्ख्या माहेरासह ऐसपैस बसलेली. शकुबाईने ते नाटक खांबाआडून पाहिलं. खलनायक शेवटी कसा मेला, हे तिला अजून ठाऊक नाही. असा अपमान कोण विसरेल?

आता बोलणं बंद म्हटलं की त्याचे कायदे आले. जी आधी बोलेल ती हरली. फारच अडलं तर बकरीला, कोंबडीला नाहीतर भिंतीला सांगायचं, आणि समोरचीने ऐकून घ्यायचं. दोघींनी हे इतकं निष्ठेने पाळलं की गल्लीतल्या कोंबड्यांना दोन्ही घरच्या भानगडी तोंडपाठ झाल्या. पुढे शेजारचा किराणावाला लांबच्या नात्याने बुधरीचा भाऊ निघाला, तेव्हा शकुबाईचा किराणाही बसस्टँडवरून येऊ लागला. तिचे यजमान भैयाजी म्हणायचे, हिने नागभीडचं नागपूर करून ठेवलं.

अशात संघपाल आला. शहरं कशी वसवावीत हे शिकून एका संस्थेत लागलेला गुणी पोरगा. दळण, दवाखाना, रेशन, शाळा, सगळं माणसाला पायी जाता येईल इतकं घराजवळ असावं, हा त्याचा ध्यास. त्याने समाजमंदिरात बाया जमवल्या आणि विचारलं, तुमच्या मोहल्ल्यात जवळ काय काय आहे?

शकुबाई सगळ्यांच्या आधी उठली. "काईच नाई भाऊ. दळनासाठी मले स्टेशनापावतर जा लागते."

बुधरी मागेच बसली होती. तिची चालती चक्की भर सभेत नाहीशी झाली. पण शकुबाईच्या शब्दाला उत्तर दिलं तर तेही बोलणंच धरलं गेलं असतं, आणि समाजमंदिरात एकही कोंबडी नव्हती.  बाकीच्या बाया पंख्याकडे पाहत राहिल्या. एकीची बाजू घेतली की दुसरीकडच्या बातम्या बंद, हे त्यांना कळत होतं.

झालं. संस्थेने मोहल्ल्यातल्या बायांच्या बचत गटाला नवीकोरी चक्की दिली. जागा मिळाली ती चौकातली रिकामी खोली, नेमकी शकुबाईच्या दारासमोर. गटात चक्की चालवता येणारी बाई एकच. बुधरीने जुनी चक्की बंद केली, नारळ फोडला आणि शकुबाईच्या दाराकडे तोंड करून बसली.

शकुबाई तरी डबा घेऊन स्टेशनाकडेच जात राहिली. पण गुडघा फितूर झाला. डॉक्टरांनी ओझं घेऊन चालायला मनाई केली. भैयाजींना पाठवलं, तर ते दुसऱ्याच कोणाचं ज्वारीचं पीठ घेऊन आले. आणि तेवढ्यात लेकीचा, करिष्माचा निरोप आला, की सासरची मंडळी पहिल्यांदाच येताहेत. म्हणजे पाहुणचाराचे पिठाचे वडे आलेच, आणि घरात पिठाची चिमूट नाही. विहिणीसमोर नाक कापून घ्यायचं, की बुधरीसमोर?

शकुबाईने मार्ग काढला. डबा नेऊन चक्कीच्या पायरीवर ठेवला आणि तिथे बांधलेल्या बुधरीच्या बकरीला म्हणाली, "ए चांदी, सांग तुह्या मालकिनीले. वड्याचं दळन हाये, जाडसर पाहिजे."

बुधरी कितीतरी महिन्यांपासून या घडीची वाट पाहत होती. ती शांतपणे म्हणाली, "चांदी, तिले सांग, या मोहल्ल्यात चक्कीच नाई. स्टेशनापावतर जा लागते."

दळणाला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. शकुबाईने पदर खोचला. तेवढ्यात ज्या चांदीवर दोघींची भिस्त होती तिने निरोप पोचवण्याऐवजी डब्यात तोंड घातलं.

"अवं, हाकल ना तिले!" दोघी एकदमच ओरडल्या, आणि एकदमच गप्प झाल्या.

"पयले तू बोलली," शकुबाई म्हणाली.

"मी काऊन बोलू? तूच बोलली."

पहिली कोण बोलली, याचा निकाल लावायला दोघी बसल्या. सतरंजी निघाली, माहेर निघालं, खलनायकही निघाला. मधल्या वेळात दळण झालं, जाडसर.

पुढे संघपाल पुन्हा आला. चक्की जवळ आल्याने वेळ वाचतो का, त्याला पाहायचं होतं. ओट्यावर भैयाजी एकटेच बसले होते.

"पयले बायको स्टेशनावरून जेवनाच्या टायमाले घरी येत होती," ते म्हणाले. "आता समोर जाते, अन् दिवसभर येतच नाई. भाऊ, ते चक्की जराशी दूर नेता येईन काय?"