कफाखालचं घड्याळ

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे मास्तर कधी शाळेत शिकवायला गेले नाहीत. ते शर्ट शिवत. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं आणि माझ्या यजमानांचा एकही शर्ट दुसरीकडे शिवलेला नव्हता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तसं मास्तरांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं. तोवर त्यांच्या डाव्या मनगटावर टाचण्या टोचायची छोटी उशी बांधलेली असे. ती सुटली, मनगट मोकळं झालं, आणि एके दिवशी जेवताना ते बायकोला म्हणाले, "एखादं घड्याळ घ्यावं म्हणतो."

हे "घ्यावं म्हणतो" वहिनींनी जन्मभर ऐकलं होतं. मास्तरांना स्वतःसाठी काही घेताच येत नसे. पैशाची अडचण नव्हती, स्वभाव चिकटही नव्हता. दुकानात जायचे, वस्तू उलटसुलट करून पाहायचे आणि खोट सापडली की हात झटकून परत. बुटाची टाच वाकडी, छत्रीची काडी कच्ची, चष्म्याची दांडी एका बाजूला चढलेली. खोट खरीच असायची, हीच तर पंचाईत. मुलींसाठी आणलेल्या वस्तूंत मात्र त्यांना ती कधी दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी माझ्या दारात उभ्या.

"ताई, तुम्ही यांच्याबरोबर जा. मी त्यांना सांगितलंय, घड्याळावर इंग्रजी लिहिलेलं असतं, वाचायला कोणीतरी हवं. खरं काम वेगळंच आहे. यांना खोट काढू देऊ नका."

"ते माझं ऐकणारेत होय?"

"ऐकतील. तुम्हाला लाजतात ते. या वेळी रिकाम्या हाताने आले तर घरात घेणार नाही. त्यांना नाही आणि तुम्हालाही नाही."

आम्ही निघालो. मास्तरांना नवं घड्याळ नको होतं. नवी घड्याळं लोणच्याच्या बरणीच्या झाकणाएवढी, कफात मावत नाहीत, असं त्यांचं मत. औषधाच्या दुकानाशेजारी जुनी घड्याळं विकणारा एक जाडा, हसरा गृहस्थ बसायचा. त्याच्या काचेमागे प्रत्येक घड्याळात वेगळी वेळ होती. मास्तरांनी एकावर बोट ठेवलं. पातळ, सोनेरी, सुटावर घालायचं, पिवळसर झालेली साधी तबकडी.

"सोन्याचं आहे?" मी विचारलं.

"सोन्याचं म्हटलं तर मला पाप लागेल, काकू, आणि मुलामा म्हटलं तर त्याचा अपमान होईल. केस, म्हणजे घड्याळाची डबी, स्टीलची. तिच्यावर सोन्याचा जाड पत्रा बसवलाय, टोपी घालावी तसा. मुलामा उडतो, हा टिकतो."

"म्हणजे कापड सोन्याचं आणि अस्तर स्टीलचं," मास्तर म्हणाले. "पाठ दाखवा."

"आधी पुढून तर बघा! तबकडी मूळची आहे, रंगवलेली नाही."

"पुढून सगळेच इस्त्री करून बसलेले असतात. शिवण आतून कळते."

दुकानदाराने हसत घड्याळ पालथं केलं आणि मला भिंग दिलं. झाकणावरची बारीक अक्षरं मी वाचून दाखवली: वर सोनं, खाली स्टील.

"स्वतःच सांगतंय? मग बिचारं खोटं बोलत नाही," मास्तर म्हणाले.

मला जरा धीर आला. मग झाकण उघडून आतली चाकं पाहून झाली. पत्रा संपून स्टील सुरू होतं त्या कडेवरून मास्तरांनी नख फिरवलं. पट्टा अडकवायचे चार पाय एकेक करून उजेडात धरले. किल्ली द्यायच्या खुंटीच्या बाजूचे दोन धारदार निघाले. तिथे कोणी पॉलिश मारून सोनं खाल्लं नव्हतं. पण पलीकडच्या दोघांशी मास्तर थांबले. कडा बोथट होत्या आणि एका टोकाला सोन्याखालून राखाडी स्टील डोकावत होतं.

"हे काय?"

"झिजलंय तिथे," दुकानदार म्हणाला. "लपवत नाही मी. म्हणून तर भाव कमी लावलाय."

झालं, मी मनात म्हटलं. वहिनींचा दरवाजा मला बंद होताना दिसला. "मास्तर, एवढंसं तर आहे," मी म्हणाले. ते माझ्याकडे लक्षच देईनात. घड्याळ मनगटावर ठेवून त्यांनी बाही खाली-वर, खाली-वर सरकवून पाहिली.

"फक्त कोपराकडची बाजू झिजलीय," ते शेवटी म्हणाले. "ज्याचं होतं त्याचा कफ घट्ट असणार. कांजी केलेला, कडक. रोज घासत बसला. ह्याच्या मालकाला शिंपी वाईट मिळाला हो."

दुकानदार मोठ्याने हसला. "मग खोट शिंप्याची म्हणायची?"

"शिंप्याचीच. घड्याळाने काय केलंय?"

असा निकाल मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. खोट सापडली होती आणि तरी हात झटकता येत नव्हता. मी घाईघाईने म्हणाले, "बांधून तर बघा."

त्यांनी पट्टा बांधला, कफाचं बटण लावलं, हात खाली सोडला. घड्याळ अलगद कफाखाली गेलं. मी उजवा कफ पाहिला. तो मनगटाला नीट बसला होता. डावा अर्धं बोट सैल.

"हा शर्ट कधीचा, मास्तर?"

"दुकान होतं तेव्हाचा. डावा कफ सैलच ठेवतो आपण. गिऱ्हाइकाला घड्याळ असतं."

"तुम्हाला कुठे होतं?"

"हाताला सवय असते, ताई," ते म्हणाले आणि काचेतल्या दुसऱ्या घड्याळांकडे बघू लागले. मापात दोऱ्याइतकाही न चुकणाऱ्या माणसाचा हात स्वतःच्याच शर्टावर सवयीने चुकत नाही, एवढं मला कळतं. थोड्या वेळाने त्यांनीच पाकीट काढलं.

घरी वहिनींनी दार उघडलं आणि आधी मनगटाकडे पाहिलं. पांढरा कफ, बाकी काही नाही.

"आलात हात हलवत! आणि ताई, तुम्हीसुद्धा? मांजराला दूध राखायला बसवलं मी!"

मी तोंड उघडलं, पण मास्तरांनी डोळ्याने गप्प केलं.

"काय खोट निघाली आता?"

"शिंप्याची."

"कुठल्या मेल्या शिंप्याची?"

"ओळखीचा नाही. वाजले किती?"

"भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही का तुम्हाला? अकरा."

"ते मागे आहे," असं म्हणत मास्तरांनी एका बोटाने कफ वर सारला. "अकरा पाच."

वहिनींनी मास्तरांना हात धरून खिडकीशी ओढत नेलं, पदराने काच पुसली आणि बराच वेळ निरखून पाहिलं.

"इथे जरा घासलंय वाटतं."

"घासलंय. असू दे," मास्तर म्हणाले.