पाखरांसाठी सोडलेला कोपरा

कतारमधल्या फुटबॉल विश्वचषकाला अजून तीन वर्षं होती. तिथल्या उम्म सलाल मोहम्मद गावाच्या पुढे खडकाळ माळावर लोकांच्या सहलीसाठी हिरवळीचं मैदान तयार होत होतं. आबासाहेब तिथं पाण्याचा टँकर चालवायला गेले, पण ऐन ऑक्टोबरात कंपनीनं त्यांना पाखरं हाकायला बसवलं. गावी, सांगोल्यात, कुणी खरं मानलं नसतं!

गवताचं बी पेरलं की होले न् चंडोल थव्यानं उतरायचे. आबासाहेबांनी नायलॉनच्या दोरीची गोफण वळली. दगड घालायचा नाही, नुसती फटकारायची. तो फटका कानावर आला की ज्वारीतला राखणीचा माळा आठवायचा, अंगावरची घोंगडी आठवायची, आणि पलीकडच्या शिवारातल्या माळ्यावरून हाळी देणारी फुलाबाई. तेव्हा ती त्यांची बायको झाली नव्हती.

पण माणूस एक आणि मैदान एवढं. बी जातच राहिलं. सुपरवायझर नंदू, नाशिकचा, तोंडाचा फटकळ, एका सकाळी औषध लावलेल्या दाण्यांची गोणी घेऊन आला.

"आबा, तुमची सर्कस बंद. उद्या हे टाकायचं. खलास."

"औषध कसलं? विष म्हण की सरळ!" आबासाहेब भडकले. "आधी माझ्या ताटात वाढ."

"ओरडू नका. दुसरा उपाय सांगा."

उपाय होता. गावाकडं त्यांचे वडील शेताचा एक कोपरा पाखरांना सोडायचे. तिथं गोफण चालवायची नाही. पोट भरलं की पाखरं बाकीच्या कणसांना फारसा त्रास देत नसत.

"आठ दिवस दे. बी वाचलं नाही तर मला गावी धाड."

गळक्या नळाचं पाणी साचायचं त्या कोपऱ्यात त्यांनी आपल्या खोलीतली बाजरी नेऊन टाकली. तिथं हाकणं बंद, बाकी मैदानावर दिवसभर फटके. आठव्या दिवशी सगळीकडं हिरवी लव दिसली. कोपरा तेवढा टकला.

पुण्याच्या इंजिनिअर पूर्णिमा मॅडम पाहणीला आल्या. "हे कुणी केलं?"

"मी सोडलाय. पाखरांचा आहे तो," आबासाहेब ताठ मानेनं म्हणाले.

डबक्यावर होले पाणी पीत होते. मॅडमनी ते पाहिलं. मग नकाशावर तिथं पेन्सिलीनं गोल काढला. "इथं गवत नको. बोरी लावू. नंदू, ती गोणी परत पाठवा."

गवत वाढलं, हाकायचं काम संपलं. आबासाहेब पुन्हा टँकरवर गेले. त्या बोरींना पाणी घालायची पाळी मात्र त्यांनी तीन वर्षं दुसऱ्या कुणाला घेऊ दिली नाही.