आमची कुजबुज आणि कंपनीचा कोट

चेन्नईत नोकरीला लागले तेव्हा मला तमिळ येत नव्हतं. मीटिंगमध्ये माझं कुणी ऐकत नाही, याचा दोष मी बरेच महिने त्यालाच देत होते. पण आमची मीटिंग चालायची इंग्रजीत. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, कारखाना शहराबाहेर, आणि दर सोमवारी वरच्या मजल्यावरच्या गारेगार खोलीत सगळे विभागप्रमुख आणि त्यांच्या हाताखालचे काही जण मोठ्या टेबलाभोवती. मी म्हणायचे, "रंगाचं काम आधी उरकू या, म्हणजे पॅकिंगवाले खोळंबणार नाहीत." कुणी मान वर करायचं नाही. थोड्या वेळाने परचेसचे साहेब खुर्चीत मागे रेलून नेमकं तेच म्हणायचे, आणि सगळं टेबल "सुपर सार, सुपर!" म्हणून डोलायचं.

टेबलाशी बायका दोघीच. दुसरी माझ्याहून पुष्कळ मोठी, प्लॅनिंग विभागात मुरलेली. सगळा कारखाना तिला अक्का म्हणायचा, मीही म्हणायला लागले. ती तंजावरच्या मराठी घरातली. पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी, पण महाराष्ट्र तिने फक्त नकाशात पाहिलेला. पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये तिने मला विचारलं, "जेवलीस-आ गे?" आणि मी सांबार-भाताचा घास तसाच धरून बघत राहिले. एखादी जुनी बखर तमिळ चालीत बोलायला लागावी, तसं तिचं मराठी. माझं मराठी तिला टीव्हीतल्या बातम्यांसारखं वाटायचं. दोघी वेस्ट मांबलमला राहायचो, कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसायचो, आणि एकमेकींच्या मराठीला हसत घरी पोचायचो.

एका सोमवारी परचेसचे साहेब नेहमीसारखे रेलले होते. मी कंटाळून अक्काच्या कानाशी लागले, "उतरल्यावर स्टेशनजवळ भाजी घेऊ या का?"

"शेवगा घेऊं. पण कालचा जून होता," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली आणि तिने मान हलवली.

कारखान्याचे मोठे साहेब बोलता बोलता थांबले. "काय झालं? काही अडचण आहे का?"

सगळं टेबल आमच्याकडे बघायला लागलं. मी घाईघाईने वही उघडली. अक्का मात्र शांतपणे म्हणाली, "सार, हिला पुढच्या आठवड्याच्या वेळापत्रकात एक घोळ दिसतो आहे."

घोळ होताच. तो मी मीटिंगच्या सुरुवातीलाच सांगितला होता, पण कुणाच्या कानावर गेला नव्हता. आता पुन्हा सांगितला, तर साहेबांनी पेन काढून लिहून घेतला.

बसमध्ये आम्ही दोघी मांबलमपर्यंत हसत होतो. मग अक्का म्हणाली, "मोठ्यानें सांगितलें तर ऐकत नाहींत. कानांत सांगितलें तर सगळ्यांना ऐकायचें असतें."

तिथून आमचा धंदा सुरू झाला. काही मांडायचं असलं की आधी मराठीत कुजबुजायचं, कपाळाला आठ्या घालायच्या, एकीने नकारार्थी मान हलवायची. कुणी ना कुणी विचारायचंच. मग मुद्दा सांगायचा. कुजबुज कशाचीही असे. माझ्या घरमालकिणीचा स्वभाव, अक्काच्या भाचीला सांगून आलेला मुलगा. परचेसच्या साहेबांचं नाव आम्ही 'रेलता म्हसोबा' ठेवलं होतं, आणि ते त्यांच्या समोरच उच्चारायचो. ते बिचारे आमच्याकडे बघून काळजीने सरळ बसायचे.

मग कोटाचं प्रकरण आलं. मोठ्या साहेबांनी ठरवलं की कारखान्यात सगळ्यांना एकसारखा कोट हवा. नमुना आला: गडद निळा, जाड पॉलिस्टरचा, लांब बाह्यांचा, गळ्यापर्यंत बटणं. बायकांच्या कोटाला खिसा नाही, कारण खिशाने म्हणे बेढब दिसतं. नमुना त्या गारेगार खोलीत सगळ्यांच्या हातून फिरला, सगळ्यांनी कापड चिमटीत धरून पाहिलं आणि पसंत केलं. खाली जुळणीच्या लाइनवर बहुतेक बायका, वर पत्र्याचं छप्पर, बाजूला रंग वाळवायची भट्टी. कोट बघून त्या बायका अक्काभोवती जमल्या होत्या. अक्काने मीटिंगमध्ये विषय काढला, तर साहेब म्हणाले, "सवय होईल." पुढच्या वेळी पुन्हा काढला, तर म्हणाले, "नंतर बघू."

तिसऱ्या खेपेला आम्ही कुजबुज काढली. मी म्हटलं, "हा कोट घालून एकदा साहेबांनाच भट्टीपाशी उभं करायला हवं."

अक्का म्हणाली, "खरें. घामानें निथळले म्हणजे समजेल."

तेवढ्यात टेबलाच्या पलीकडून स्वच्छ पुणेरी मराठीत आवाज आला, "साहेबांना एकट्यांनाच का? सगळ्यांनाच घाला की."

बोलणारे आमचे फायनान्सचे अधिकारी. तमिळ गृहस्थ, कपाळावर विभूती, कधी हसताना दिसले नव्हते. मला घाम फुटला, तोही एसीत. म्हसोबा, घरमालकीण, भाचीचं स्थळ, सगळं माझ्या डोळ्यांपुढून सरकून गेलं. त्यांची उमेदीची वर्षं पुण्यात नोकरीत गेली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

"अरे, आता तुम्हीपण?" मोठे साहेब वैतागले. "काय चाललं आहे?"

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला आणि इंग्रजीत अत्यंत गंभीरपणे सांगितलं, "सर, या दोघी कोटाची चाचणी सुचवत आहेत. कोट पसंत करणाऱ्या समितीने, म्हणजे आपण सगळ्यांनी, तो घालून लाइनवर स्वतः काम करून बघावं म्हणतात."

चाचणी हा शब्द साहेबांचा भारी लाडका. "उत्तम!" ते म्हणाले. "असा विचार व्हायला हवा." आपण कशाला हो म्हणालो हे त्यांच्या बहुधा दुपारी लक्षात आलं.

दिवस मे महिन्याचे होते. सगळी समिती नमुन्याचे निळे कोट चढवून लाइनवर हजर झाली. आम्ही दोघींनीही घातले, नाही तर अन्याय झाला असता. लाइनवरच्या बायकांनी कामावरून नजर काढली नाही, पण खांदे हलत होते. परचेसच्या साहेबांना चुकून बायकांचा, खिसा नसलेला कोट आला होता. चुकून म्हणजे अक्काने वाटले होते. फोन कुठे ठेवावा हे त्यांना सुचेना. आधी हातात, मग काखेत, आणि स्क्रू लावून बघायची वेळ आली तेव्हा त्यांनी तो दातांत धरला. मोठ्या साहेबांनी हळूच गळ्याचं बटण काढलं, तर लाइनवरची एक ज्येष्ठ बाई आदबीने म्हणाली, "सार, बटण. नियम आहे."

साहेबांनी बटण लावलं. थोड्याच वेळात त्यांना कुठलातरी तातडीचा फोन आला, जो वाजलेला कुणीही ऐकला नाही, आणि ते दाराकडे निघाले. पाणी पिऊन परत आले ते कोट हातावर टाकून, थेट अक्कासमोर. "मग कसा हवा कोट? तुम्ही सांगा."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला आपणहून काही विचारलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. अक्काला घाई नव्हती. तिने लाइनकडे हात केला. "मी कशाला, सार? घालणार ह्या. ह्यांना विचारा."

त्या बायकांनी काही संकोच केला नाही. सुती कापड, आखूड बाह्या, दोन खोल खिसे. आणि विचारताच आहात तर दोन पंखे जास्त, आणि पाठ टेकायला येईल असं स्टूल. अक्काने शेवटी आपलं एक जोडलं, "आणि सोमवारच्या मीटिंगला ह्यांच्यातल्या दोघी असाव्यात." साहेब रुमालाने मान पुसत होते. घाम पुसता पुसता ते हो म्हणाले.

नवे कोट पावसाळ्याआधी आले. फायनान्सचे अधिकारी मला जिन्यात भेटले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "छे छे, कुजबुज बंद करू नका. सोमवारी मला दुसरी करमणूक नाही."

पुढे अक्का प्लॅनिंगची प्रमुख झाली आणि सोमवारची मीटिंग तीच चालवू लागली. आता आपली चंगळ, असं मला वाटलं. पहिल्याच मीटिंगला मी पॅकिंगच्या खोक्यांवर सविस्तर बोलायला लागले. भरपूर तयारी केली होती, बोलणं रंगात आलं होतं. अक्काने चष्म्यावरून पाहिलं आणि सगळ्यांदेखत मराठीत म्हणाली, "मुद्दा सांग गे."

लाइनवरच्या दोघी खुदकन हसल्या. मी चडफडत दोन वाक्यांत मुद्दा सांगितला. कामाला तेवढा पुरला.

संध्याकाळी बसमध्ये मी मुद्दाम पुढच्या सीटवर, खिडकीशी जाऊन बसले. अक्का उठून शेजारी आली, पिशवी मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "हं, आतां सांग. ती खोकीं. सगळें सांग."

मी खिडकीकडून तिच्याकडे वळले. मग सांगायला लागले, आणि मांबलम आलं तरी माझी खोकी संपली नव्हती.